गूगल ड्राइव्ह लिनक्समध्ये साध्या फोल्डरसारखं उघडायचंय – जेकार्डचे स्कॅन केलेले ग्राफ आहेत, फाइली मोठ्या

ग्राफवाला

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहतो. आमचं काम डिझाईनचं. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांना जेकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच उठणाऱ्या नक्षीची, डिझाईनं काढून द्यायची. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे काम आयुष्यभर हातानं केलं. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं आणि त्यावरून पंच कार्ड पाडून घ्यायची. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलंय, पेन ड्राइव्हवर फाइल दिली की माग चालू. पण नानांच्या जुन्या ग्राफांना अजून मागणी आहे. कुणी म्हणतं तो मोर द्या, कुणी म्हणतं ती जुनी किनार पाहिजे, तसली आता कुणी काढत नाही.

ते कागद घड्यांवर फाटायला लागले होते, म्हणून सगळे स्कॅन करून घेतले. ए-थ्री आकार, ३०० डीपीआय, टिफ फॉरमॅट. एक ग्राफ मोठा असला की त्याचे चार-सहा तुकडे होतात. जेपेग करायचं नाही हे मी पक्कं ठरवलंय. ग्राफमधलं एक घर म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट असते. जेपेगमध्ये लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबी ठिपके येतात आणि मग धागा वर घ्यायचा का खाली तेच कळत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तीच गत. कडेला नानांनी पेन्सिलनं रंगांची नावं लिहिलीत, कुठला ग्राफ कुणासाठी काढला तेही लिहिलंय, ते वाचता यायलाच पाहिजे.

आता अडचण अशी. माझा लॅपटॉप सेकंडहँड आहे, त्यावर लिनक्स मिंट टाकलंय, एसएसडी १२८ जीबीची. ग्राफांचा साठा तेवढ्यात बसत नाही. पुण्याला चुलतभाऊ आहे, त्याच्या गूगल अकाउंटला १०० जीबीचा प्लॅन आहे. त्यानं ड्राइव्हवर एक फोल्डर करून माझ्याबरोबर शेअर केलंय, सगळे स्कॅन तिथं आहेत. ब्राउझरमधून एक फाइल उतरवायची, गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, दुरुस्त करायची, परत चढवायची. यात एकाच ग्राफच्या तीन-तीन प्रती होतात आणि खरी कुठली हे शोधत बसावं लागतं.

सेटिंगमधल्या ऑनलाइन अकाउंट्समधून गूगल जोडून बघितलं. फाइल मॅनेजरात फोल्डर दिसतं, नावंही बरोबर दिसतात. पण गिंपच्या वर पट्टीत फाइलचं नाव म्हणून कसलीतरी अगम्य अक्षरांची माळ येते आणि माझी छोटी स्क्रिप्ट, जी तुकडे जोडून एक ग्राफ करते, तिला फाइली सापडतच नाहीत.

मला पाहिजे ते एवढंच. होम फोल्डरात "ग्राफ" नावाचं फोल्डर असावं, आत नानांचे सगळे ग्राफ दिसावेत, डिस्कवर जागा खाऊ नयेत आणि कुठल्याही प्रोग्रॅममधून साध्या फाइलसारखे उघडावेत. शिवाय शेडमध्ये एक कॉम्प्युटर आहे, तोही लिनक्सवर. तिथल्या पोरांना ग्राफ बघता यावेत, पण त्यांच्या हातून काही पुसलं जाता कामा नये. हे कागद परत कुणी काढणार नाही. नानांची नजर आता तेवढी साथ देत नाही. म्हणून घाईनं काहीतरी बसवण्यापेक्षा जाणत्यांना विचारून करावं असं वाटलं.

---

होटगी_रोड

अण्णा, काम मोलाचं करताय. नीट सविस्तर लिहितो. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे, आमच्याकडे हेच रोज चालतं. मोबाईलवर मराठी कीबोर्डवरून लिहितोय, त्यामुळे आज्ञांचे उच्चार देतो. टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

गूगलनं ड्राइव्ह २०१२ साली आणलं. विंडोज आणि मॅकसाठी त्यांचं स्वतःचं ॲप आहे, लिनक्ससाठी नाही. तुम्ही ऑनलाइन अकाउंट्समधून जे जोडलंत ते फाइल मॅनेजरापुरतं ठीक आहे. आतल्या आत ते फाइलींना ड्राइव्हच्या आयडीनं ओळखतं, माणसाला दाखवताना तेवढं नाव दाखवतं. तुमच्या स्क्रिप्टला तो आयडीचा रस्ता मिळतो, म्हणून तिला "मोर" सापडत नाही.

तुम्हाला आरक्लोन हा प्रोग्रॅम लागेल. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि ड्राइव्हच काय, सत्तरच्या वर क्लाउड सेवांशी बोलतं. त्यातली "आरक्लोन माउंट" ही आज्ञा दूरचा साठा फोल्डर म्हणून जोडते, त्यासाठी ती फ्यूज वापरते. फ्यूज म्हणजे लिनक्स कर्नलमधली, म्हणजे त्याच्या गाभ्यातली, अशी सोय की साधा प्रोग्रॅमसुद्धा स्वतःला फाइल सिस्टिम म्हणून मांडू शकतो. २००५ पासून, २.६.१४ आवृत्तीपासून ती कर्नलमध्येच आहे, म्हणजे मुरलेली गोष्ट आहे. गिंपला किंवा तुमच्या स्क्रिप्टला कळतही नाही की फाइल नेटवरून येतेय.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं आरक्लोन बहुधा जुनं असतं. त्यांच्या संकेतस्थळावरून डेब फाइल घेऊन बसवा. फ्यूज-थ्री हे पॅकेज आहे ना तेही बघून घ्या.

मग "आरक्लोन कॉन्फिग". नवीन रिमोट (दूरच्या साठ्याची नोंद), नाव द्या "नाना", प्रकार गूगल ड्राइव्ह. इथं ते क्लायंट आयडी, म्हणजे गूगलकडची ॲपची ओळख, विचारतं आणि बहुतेक लोक एंटर मारून पुढं जातात. तसं करू नका. रिकामं सोडलं तर आरक्लोनचा सामाईक आयडी वापरला जातो, जगभरातले सगळे त्याच एका आयडीवरून विनंत्या पाठवतात आणि गूगल वेग आवळतं. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये जाऊन एक प्रोजेक्ट करा, ड्राइव्ह एपीआय (प्रोग्रॅमनी ड्राइव्हशी बोलायची सोय) चालू करा, "डेस्कटॉप ॲप" प्रकारचा ओऑथ (परवानगीचा) क्लायंट काढा आणि तिथला आयडी व सिक्रेट इथं भरा. पैसे लागत नाहीत. एक गोष्ट मात्र आठवणीनं करा. ते ॲप "टेस्टिंग" अवस्थेत ठेवलं तर परवानगी ७ दिवसांत संपते आणि फोल्डर अचानक बंद पडतं. "पब्लिश ॲप" दाबून "प्रॉडक्शन"मध्ये टाका. लॉगिन करताना ॲप पडताळलेलं नाही असा इशारा येईल. ॲप तुमचंच आहे, पुढं जा.

त्यानंतर स्कोप, म्हणजे किती परवानगी द्यायची ते, विचारेल. तुमच्या लॅपटॉपला पूर्ण परवानगी द्या. शेडमधल्या कॉम्प्युटरवर हेच सगळं करताना "ड्राइव्ह डॉट रीडओन्ली" निवडा. मग तिथून कुणी डिलीट दाबलं, फोल्डर ओढून टाकलं, काहीही केलं तरी गूगलच नकार देईल. माउंटच्या आज्ञेतही "रीड ओन्ली" लिहिता येतं, पण ते काय, कुणीही काढून टाकू शकतो. परवानगीच बघण्यापुरती असली की विषय संपला.

शेअर झालेलं फोल्डर "माय ड्राइव्ह"च्या मुळाशी दिसत नाही. ब्राउझरमध्ये त्याचा शॉर्टकट "माय ड्राइव्ह"मध्ये टाका. आरक्लोन शॉर्टकटला खऱ्या फोल्डरसारखंच वागवतं.

आता मुख्य आज्ञा. होममध्ये "ग्राफ" नावाचं रिकामं फोल्डर करा. रिकामंच हवं. मग आरक्लोन माउंट, रिमोटचं नाव आणि कोलन, मग फोल्डरचा रस्ता, आणि पुढं व्हीएफएस कॅश मोड: फुल. कॅश म्हणजे डिस्कवरचा तात्पुरता साठा. हा पर्याय विसरायचा नाही. कॅश मोड काही दिलं नाही तर तो बंद असतो आणि तेव्हा एकच फाइल एकाच वेळी वाचायला आणि लिहायला उघडता येत नाही, लिहिताना मागं-पुढं उड्या मारता येत नाहीत. गिंप सेव्ह करताना नेमकं तेच करू बघतो आणि एरर येते. "रायट्स" दिलं की लिहिलेलं आधी डिस्कवर साठतं, मग चढतं. "फुल" दिलं की वाचलेलंही डिस्कवर साठतं, आणि तेही फाइलचा जेवढा भाग मागितला तेवढाच. तुमच्या एसएसडीला हे सोयीचं आहे. व्हीएफएस कॅश मॅक्स साइझ २० जी ठेवा. मॅक्स एज आपोआप फक्त एक तास असतं, ते वाढवून ७२० एच करा, म्हणजे महिनाभर जे ग्राफ हाताळाल ते पटकन उघडतील. कॅश पेन ड्राइव्हवर किंवा एक्सफॅट डिस्कवर हलवू नका, तिथं हा अर्धवट फाइलींचा प्रकार चालत नाही आणि सगळं रखडतं.

वेगाचा हिशोब आधीच करून ठेवलेला बरा. ए-थ्री ३०० डीपीआय रंगीत म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे साधारण ५२ एमबी. ४० एमबीपीएसच्या लाइनवर ती उतरायला दहा-अकरा सेकंद. चढवायचा वेग १० एमबीपीएस असेल तर चाळीसेक सेकंद. तेवढा दम धरावा लागेल. फाइल मॅनेजरातले थंबनेल बंद करा. नाहीतर फोल्डर उघडलं की तो प्रत्येक टिफचं छोटं चित्र काढायला सगळ्या फाइली ओढत बसतो आणि तुम्हाला वाटेल आरक्लोनच संथ आहे.

लॉगिन झाल्यावर आपोआप जोडलं जावं म्हणून मिंटच्या "स्टार्टअप ॲप्लिकेशन्स"मध्ये हीच आज्ञा टाका आणि तिथं उशीर म्हणून वीस-तीस सेकंद द्या, तोवर वायफाय लागतं. सिस्टिमडीची, म्हणजे लिनक्समध्ये सेवा चालू ठेवणाऱ्या यंत्रणेची, यूजर सर्व्हिस जास्त पक्की, टाइप नोटिफाय, रीस्टार्ट ऑन फेल्युअर. आधी हातानं दोन-चार दिवस चालवून बघा, मग ते करू.

---

सात_रस्ता

होटगी रोड सरांनी सगळं बरोबर सांगितलंय. पण मला ग्राफांची काळजी वाटते म्हणून लिहिते. माझं डीटीपीचं काम आहे, पत्रिका आणि पुस्तकं, मोठमोठ्या फाइली रोजच्या.

दादा, हे फोल्डर म्हणजे खिडकी आहे, कपाट नाही. त्यात दिसतं ते तुमच्याकडे नसतं. चुलतभावाच्या अकाउंटचं काही झालं, प्लॅनचे पैसे भरायचे राहिले, कुणी तिकडून फोल्डर उडवलं, तर तुमच्या "ग्राफ"मधूनही ते जाऊ शकतं. उडवलेलं ड्राइव्हच्या कचराकुंडीत ३० दिवस राहतं, पुढं कायमचं जातं. म्हणून माउंट करायच्या आधी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आणि सगळा साठा "आरक्लोन कॉपी"नं त्यावर उतरवा. मग "आरक्लोन चेक" चालवा. ड्राइव्ह प्रत्येक फाइलचं एमडी-५, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, ठेवतं, त्यामुळे नुसता आकार नाही, आतला मजकूर जुळतोय का तेही तपासलं जातं. एवढं झालं की पुढं जे करायचं ते करा.

"कॉपी" म्हणतेय, "सिंक" नाही. सिंक ही आज्ञा उगमस्थानी जे नाही ते दुसऱ्या टोकालाही पुसते. ड्राइव्हवरून चुकून एक फोल्डर गेलं आणि रात्री सिंक चाललं, तर हार्ड डिस्कवरचीही प्रत जाणार. कॉपी कधीच पुसत नाही. पण तिथल्या फाइलीवर नवी आवृत्ती चढवते, म्हणून "बॅकअप डिर" हा पर्याय जोडा. त्यानं जुनी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरात सरकते. आणि नवीन काही चालवायच्या आधी "ड्राय रन" लावून बघायचं, काय होणार ते नुसतं छापून दाखवतं.

दुसरं. तुम्ही सरळ त्या फोल्डरातच गिंपमधून सेव्ह करणार म्हणताय. मी तसं करू नका म्हणेन. आरक्लोन फाइलचा बदललेला तुकडा चढवत नाही, अख्खी फाइल पुन्हा चढवतं. आपल्याला दर दोन मिनिटांनी सेव्ह दाबायची सवय असते. फाइल बंद झाली की पाच सेकंदांनी चढवणं सुरू होतं, म्हणजे प्रत्येक सेव्हला परत ५२ एमबी, आणि गिंपची थरांची एक्ससीएफ फाइल असेल तर त्याहून जास्त. डिझाईनवर बसायचं असेल तेव्हा ती फाइल होममधल्या "चालू काम" अशा फोल्डरात घ्या, तिथं मन लावून करा, पुरं झालं की परत ठेवा. बघायला आणि शोधायला माउंट, करायला आपली डिस्क.

तिसरं कुणी सांगत नाही. शेअर केलेल्या फोल्डरात तुम्ही जी नवी फाइल टाकाल तिची मालकी तुमची असते, फोल्डरवाल्याची नाही. जागा तुमच्या १५ जीबीतून जाते, आणि त्या १५ जीबीत तुमचं जीमेल आणि फोटोही आहेत. भावाच्या १०० जीबीचा तुम्हाला नवं टाकताना उपयोग नाही. एकतर आरक्लोनला लॉगिन भावाच्या अकाउंटनं करून घ्या, त्याच्या समोर बसून. नाहीतर त्याला तो प्लॅन फॅमिली शेअरिंगनं वाटून द्यायला सांगा, पाच जणांपर्यंत वाटता येतो.

---

ग्राफवाला

दोघांचेही मनापासून आभार. ताई, मालकीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता आला. काल चुलतभावाशी बोललो, तो म्हणाला फॅमिलीत घेतो. आणि हार्ड डिस्क नवी पेठेतून आणली, कॉपी रात्रभर लावलीय.

माउंट झालं बघा! होममध्ये "ग्राफ" उघडलं आणि सगळे कागद ओळीनं. गिंपमध्ये एक किनार उघडली, थोडा वेळ लागला, मग अशी स्वच्छ दिसली की पेन्सिलनं लिहिलेला "मोरपंखी" हा शब्द खोडून वर "हिरवा" केलेलासुद्धा दिसला. नानांना दाखवलं. म्हणाले, तो रंग त्या महिन्यात मिळतच नव्हता, म्हणून बदलला. हे असलं मी विचारलंच नसतं कधी. आता प्रत्येक ग्राफबरोबर एक साधी मजकुराची फाइल ठेवायची ठरवलंय, नाना सांगतील ते त्यात लिहायचं.

तीन गोष्टी अडल्यात. स्क्रिप्टला काही तुकडे सापडेनात. ब्राउझरात "स्कॅन०००१" नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात दिसतात, इथं एकच दिसते. दुसरं, आमच्याकडे लाइट जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे पण राउटर बंद पडतो. चढवता चढवता लाइट गेली तर ती फाइल गेली का? तिसरं, काल लॅपटॉप झोपवून उठवला आणि फोल्डरवर क्लिक केलं तर "ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड" असं आलं.

---

होटगी_रोड

मजकुराच्या फाइलीची कल्पना फार चांगली. ती करत राहा, स्कॅनइतकीच महत्त्वाची आहे. फक्त असल्या हजारो बारक्या फाइली एकदम चढवायला जाल तर ड्राइव्ह सेकंदाला साधारण दोनच घेतं. रोज थोड्या गेल्या तर काही त्रास नाही.

दोन "स्कॅन०००१"बद्दल. ड्राइव्हला एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली चालतात, लिनक्सला चालत नाहीत. म्हणून आरक्लोन एक दाखवतं, दुसरी सोडून देतं. दुसरी गेलेली नाही, ड्राइव्हवर आहे. पण ती कॉपीतही उतरलेली नसणार, हे लक्षात घ्या. "आरक्लोन डीड्यूप" चालवा आणि डीड्यूप मोड "रीनेम" द्या. हुबेहूब त्याच असलेल्या जादा प्रती ते काढतं, वेगळ्या असलेल्यांना वेगळी नावं देतं. आधी ड्राय रननं बघा, मग खरं चालवा. त्यानंतर कॉपी आणि चेक पुन्हा एकदा.

लाइट गेली तर फाइल जात नाही. कॅश मोड फुल असल्यामुळे तुम्ही सेव्ह केलेलं आधी तुमच्या होममधल्या लपलेल्या कॅश फोल्डरात लिहिलं जातं. नेट परत आलं की आरक्लोन पुन्हा प्रयत्न करतं. मधेच आरक्लोन बंद पडलं किंवा लॅपटॉपच बंद झाला तरी पुढच्या वेळी त्याच पर्यायांसह माउंट केलंत की राहिलेलं चढवतं. "त्याच पर्यायांसह" हे महत्त्वाचं, रिमोटचं नाव वगैरे मधेच बदलू नका. आणि कॅश फोल्डर "जागा खातंय" म्हणून हातानं पुसू नका, त्यात न चढलेलं काम असू शकतं. काय बाकी आहे ते बघायचं असेल तर माउंटच्या आज्ञेत "आरसी" (चालू आरक्लोनला बाहेरून विचारायची सोय) जोडा, मग दुसऱ्या टर्मिनलमधून "आरक्लोन आरसी व्हीएफएस स्टॅट्स". त्यात "अपलोड्स क्यूड" आणि "अपलोड्स इन प्रोग्रेस" दोन्ही शून्य दिसले की निश्चिंत लॅपटॉप बंद करा.

तो एंडपॉइंटचा संदेश म्हणजे मागचा आरक्लोन गेलाय आणि फोल्डरवर त्याची जोडणी तशीच लटकलीय. "फ्यूजरमाउंट", पुढं वजा यूझेड, मग फोल्डरचा रस्ता. जोडणी सुटते, पुन्हा माउंट करा. हे वारंवार होत असेल तर आता सिस्टिमडीच्या सर्व्हिसकडे वळा, ती पडलेलं आपोआप उठवते. तुमच्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत "माउंटपॉइंट" आज्ञेनं फोल्डर खरंच जोडलेलं आहे का ते तपासा. जोडलेलं नसताना स्क्रिप्ट चालली तर ती जोडलेला ग्राफ त्या रिकाम्या स्थानिक फोल्डरात लिहील. मग पुढच्या वेळी माउंट होताना फोल्डर रिकामं नाही म्हणून आरक्लोन अडून बसेल.

---

चिंचोळी_एमआयडीसी

एक भर घालतो. आरक्लोनची कॉन्फिग फाइल जपा. तिच्यात ड्राइव्हची चावीच असते. शेडमधल्या कॉम्प्युटरवर तुमच्या लॅपटॉपची फाइल नुसती कॉपी करून टाकाल तर वाचण्यापुरती परवानगी वगैरे काही राहिलं नाही, तिथं पूर्ण हक्काची चावी पोहोचली. तिथं वेगळं कॉन्फिग करा. कॉन्फिगमध्येच पासवर्ड लावायची सोय आहे. आणि लॅपटॉप विकायचा झाला की गूगल अकाउंटच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन त्या ॲपचा प्रवेश काढून टाका.

आमच्या कारखान्यातही जुन्या डिझाईनांची गठडी आहे, माळ्यावर. हा धागा वाचून काल मालकांशी बोललो. स्कॅनिंगबद्दल तुम्हाला वेगळं विचारीन.

---

ग्राफवाला

विचारा की, केव्हाही. स्कॅन करताना घडी आधी दोन दिवस वजनाखाली ठेवायची, हे आत्ताच सांगून ठेवतो.

डीड्यूप झालं. हरवलेले तुकडे सापडले, त्यात एका मोराची अख्खी शेपटी होती. कॉपी पुन्हा केली, चेकमध्ये फरक शून्य. शेडमध्ये वेगळं कॉन्फिग, वाचण्यापुरतं. पोरांना मुद्दाम सांगितलं, एक फाइल डिलीट करून दाखवा. परवानगी नाही म्हणून आलं आणि ब्राउझरात बघितलं तर फाइल जागच्या जागी.

ताई, शेवटचं विचारतो. आता "स्कॅन०००१" असली नावं बदलायचीच आहेत. मराठीत नावं दिली तर चालतील का? आणि नाना कागदावर तारीख १२/५ अशी घालतात, तशीच नावात घेऊ का?

---

सात_रस्ता

मराठी नावं बिनधास्त द्या, ड्राइव्ह आणि लिनक्स दोघांनाही चालतात. तिरकी रेघ मात्र नको. ड्राइव्हला ती नावात चालते, लिनक्समध्ये तिचा अर्थ फोल्डर बदललं असा होतो. आरक्लोन तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी खूण घालतं आणि तुमची स्क्रिप्ट पुन्हा फाइल शोधत बसेल. आधी साल, मग महिना, मग दिवस, मधे आडवी रेघ, पुढं डिझाईनचं नाव आणि शेवटी तुकड्याचा क्रमांक दोन आकड्यांत, ०१, ०२ असा. साल माहीत नसेल तिथं नानांना विचारून अंदाजे दशक लिहा आणि "अंदाजे" हा शब्दही नावात ठेवा. नावं बदलायला ब्राउझर नको, माउंट केलेल्या फोल्डरातच बदला. नुसतं नाव बदललं तर फाइल पुन्हा चढत नाही, ड्राइव्हवरच्या ड्राइव्हवर बदलतं, त्यामुळे लवकर होईल. आणि सगळी नावं बदलून झाली की हार्ड डिस्कवर नव्या फोल्डरात कॉपी घ्या, जुन्या नावांची प्रत महिनाभर तरी तशीच राहू द्या.